सारजाक्काचं वल्हं

ये गं पिंके, अशी जवळ बस. तू बिबवेवाडीत, मी इथे विश्रांतवाडीत, मध्ये अख्खं पुणं पसरलंय हे मला कळतं. पण समोर कोणी बसल्याशिवाय मला लिहिता येत नाही, म्हणून तू बसली आहेस असं धरून चालते. आणि आधी तुला रागावून घेते. पंधरा वर्षांनी फोन केलास. मावशी कशा आहात, गुडघे काय म्हणतात, काही नाही. थेट विचारलंस, ‘कमलमावशी, एक की दोन?’ आणि मी तोंड उघडेपर्यंत दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवूनही दिलास. अगं, बुधवार पेठेत तुझ्या दुकानात येऊन चार्जरचा भाव विचारतात तशी विचारायची का ही गोष्ट?

तो व्हिडिओ पाहून तू फोन केलास, हे मी ओळखलं. मलाही तो तीन जणींनी पाठवला. खाली नदीला पूर, पुलावर एक पोरगा मोबाईल उंच धरून कठड्यावर चढतोय, एक पाय वर गेलाय, दुसरा अजून रस्त्यावर. मागून एक वाकलेली म्हातारी येते आणि एक शब्द न बोलता त्या वरच्या पायाच्या नडगीवर लाकूड हाणते. पोरगा मागे रस्त्यावर आपटतो आणि आईच्या नावानं ओरडतो. म्हातारी त्याच्याकडे बघतही नाही, चालू लागते. खाली लोकांनी लिहिलंय, आजी डेंजर आहे, आजीला काठी कोणी दिली. ती काठी नाही, ते वल्हं आहे, आणि ती तुझी आजी आहे. हे त्यांना माहीत नाही, तुला आणि मला माहीत आहे.

आता तुझा प्रश्न. पुराच्या दिवशी तुझ्या आजीनं, सारजाक्कानं, तुझ्या वडलांच्या तोंडावर हेच वल्हं मारलं, तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि माझ्या पदराखाली होतीस. तुझे डोळे मी झाकले, कान झाकायचे राहिले. तुला दोन आवाज आठवतात. तुझे वडील सांगत आले, म्हातारी मला जिवे मारायला निघाली होती. मी पोलीस चौकीत सांगितलं, एकच फटका होता आणि तो माणूस वाचवण्यासाठी होता. आता वडीलही राहिले नाहीत, त्यामुळे विचारायला मी एकटीच उरले. सांगते. पण आधी ती बाई कोण होती ते ऐकून घे. नुसता आकडा घेऊन तू काय करणार आहेस?

तुला वाडी आठवत असेल ती पोरवयातली. नदीच्या पलीकडची पंधरा-सोळा घरं. मागे सरकारी जागेचं तारेचं कुंपण, बाजूला ओढा, पुढे नदी. पत्त्यात पुणे लिहायचं, पण पुण्याशी संबंध दिवाळी ते जेठ एवढाच. तेवढे महिने नदीतल्या दगडी फरशीवरून पायी अलीकडे यायचं. आखाडात फरशी पाण्याखाली गेली की दिवाळीपर्यंत रस्ता एकच, सारजाक्काची काहील. त्यामुळे लग्नं दिवाळीनंतर, घरावरचे पत्रे उन्हाळ्यात, आणि बाई पोटुशी असली तर आखाड लागायच्या आत तिला अलीकडे कुणा नातेवाइकाकडे आणून ठेवायची. सगळ्या वाडीचं पंचांग त्या फरशीवर चालायचं.

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती लोखंडी कढई, दोन माणसं आडवी झोपतील एवढी. तुझ्या आजोबांनी ती बंद पडलेल्या गुऱ्हाळातून उचलून आणली होती. दोन्ही काठांच्या उंबरांना दोर बांधलेला, एका हातानं तो दोर ओढायचा, दुसऱ्या हातात वल्हं. आजोबा तापानं गेले त्याच आठवड्यात सारजाक्कानं वल्हं हातात घेतलं, कारण पलीकडे शाळेची पोरं वाट बघत उभी होती.

होडीला पुढं-मागं असतं, काहिलीला नसतं. धारेत आली की ती स्वतःभोवती फिरते, माणसाला गरगरतं, आणि गरगरलं की माणूस उभा राहायला बघतो. उभा राहिला की काहील एका अंगानं पाणी घेते, आणि ते लोखंड आहे, एकदा पाणी भरलं की तळालाच जातं. म्हणून तिचे नियम होते. जड माणूस मध्ये, पोरं त्याच्या मांडीशी, बाकीचे पाठीला पाठ लावून. सात माणसं, आठवं नाही. हात स्वतःच्या गुडघ्यावर. आणि काठाकडं बघायचं नाही, कारण काठ दिसला की माणूस उठतो. शेवटचे दहा हात राहिले की माणसं उठतात, हे तिनं मला शंभरदा सांगितलं असेल.

मी पलीकडच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले तेव्हा हे काही मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी खिचडीच्या डाळ-तांदळाची पिशवी सांभाळत बसले होते. काठ आला, मला वाटलं पोचलो, म्हणून पदर सावरत उठले. पुढचं मला आठवत नाही. खांद्यावर काहीतरी कोसळलं आणि मी पिशवीवर बसलेली होते, डोळ्यांसमोर काजवे. ती दोर ओढत होती, जसं काही घडलंच नव्हतं. महिनाभर माझा हात वर गेला नाही, वेणी शेजारणीकडून घालून घेत होते.

नंतर ओळख वाढल्यावर मी एकदा विचारलं, अक्का, मारण्याआधी निदान ओरडावं की नाही, बसा म्हणून. त्यावर ती जे बोलली ते मी विसरले नाही, तूही विसरू नकोस, पुढे लागणार आहे.

‘ओरडलं की मानूस वळून बघतंय,’ ती म्हणाली. ‘वळलं की काहील कलंडती. मारलं की बसतंय.’

तिच्या बोलण्यात एवढाच हिशेब होता आणि तो बरोबर होता. वाडीत तिचा फटका न खाल्लेलं माणूस सापडायचं नाही. कुणाच्या पाठीवर, कुणाच्या दंडावर, शाळेच्या गुरुजींच्या तर कानशिलावर व्रण होता. मुलगी बघायला पाहुणे आले की वाडीतली माणसं चहा देता देता विचारायची, बसला का एक? पाहुणे खांदा चोळत म्हणायचे, बसला. मग घरचेच झालात की, असं म्हणून साखर जास्त घालायची.

एकदा चौकीतले हवालदार चोरीच्या तपासाला पलीकडे निघाले. अंगानं भारदस्त, म्हणून मध्ये बसवले, ते त्यांना आवडलं नाही. काठ जवळ आला तसे टोपी नीट करत उठले. सारजाक्कानं गुडघ्यामागं हाणलं. ते काहिलीतल्या गढूळ पाण्यात बसले, टोपी नदीत गेली. ते थोडा वेळ टोपीकडे बघत राहिले, मग आपल्या पुणेरी शांतपणानं म्हणाले, बाई, सरकारी कामात अडथळा आणला म्हणून तुम्हाला आत टाकता येतं. ती म्हणाली, टाका की, पन आधी काठाला लागू द्या. काठ लागेपर्यंत ते हालले नाहीत, आणि उतरताना तिला विचारून उतरले.

तिच्या हातून मार खाल्लेल्यांपैकी एकाचंच मला वाईट वाटलं नाही. वाडीतला एक जण बायकोला माहेराहून घेऊन येत होता. मधल्या धारेत कशावरून तरी त्यानं बसल्या जागी बायकोच्या तोंडात मारली. काहील हेलकावली. सारजाक्कानं दोर सोडला, वल्ह्याचं टोक त्याच्या बरगडीत घातलं आणि त्याला पाण्यात लोटलं. तो कडा धरून लोंबकळायला लागला तशी ती त्याच्या बोटांवर वल्हं टेकवून म्हणाली, धरून ऱ्हा, वर चढू नगंस. पलीकडे पोचेपर्यंत तो तसाच पाण्यातून आला, दातांवर दात आपटत. काठावर त्याला एवढंच सांगितलं, बायकूला मारायचं असलं तर जमिनीवर उतरून मार आन मला हाक मार. त्यानं पुढं मारलं की नाही देव जाणे, पण काहिलीत तो बायकोच्या पलीकडच्या अंगाला बसायचा.

आता तू म्हणशील, मावशी, ही बाई काय नुसती मारतच होती? नाही गं. रोज सकाळी ती काहील उपडी करायची आणि दगडानं तिच्यावर ठोकत फिरायची, कान लावून. आवाज घुमला तर ठीक, फुटका आला तर तिथे चिंधी आणि डांबर. तुझी वेणी ती घालायची तेव्हा तुझे डोळे कानांपर्यंत ओढले जायचे, तू रडायचीस, आणि मी म्हणायचे, अक्का, हळू. ती म्हणायची, सैल वेनी पान्यात सुटती. तिचा हात लाडातही जडच होता. पण इतक्या पावसाळ्यांत त्या काहिलीतून एक माणूस बुडलं नाही. एक सोडून. ते एक म्हणजे तुझी आई.

हे तुला कुणी नीट सांगितलं नसेल. तू दोन वर्षांची होतीस, अंगणवाडीत माझ्याजवळ होतीस.

श्रावण होता. तुझी आई शोभा आणि तुझे वडील विलासराव त्यांच्या एका नातेवाइकाकडून जेवून परत येत होते. वडलांनी दुपारपासून घेतलेली होती. गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहायला हात उचलत नाही, पण झालं ते झालं. काहिलीत सारजाक्का धरून सात माणसं. मी तुला कडेवर घेऊन वाडीच्या काठावर आले होते, तुझी आई दिसली म्हणून. दहा-बारा हातांवर काहील आली आणि विलासराव उठले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, सासूबाई, मी उडी मारून काहील ओढतो, असं काहीतरी म्हणत होते. सारजाक्काचं वल्हं वर गेलं. मी पाहिलं, पिंके. वर गेलं आणि तिथंच थांबलं.

जावई होता ना. दिवाळीला पाट मांडून, पाय धुऊन ज्याला ओवाळायचं, त्याच्या अंगावर चारचौघांत लाकूड कसं टाकायचं? गुरुजींना मारलं, हवालदाराला मारलं, जावयावर तिचा हात चालेना. त्याऐवजी उठलेल्या माणसाला तिनं आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं सांगितलं.

‘जावईबापू, बसा.’

ते वळून बघायला लागले. सासूबाईंनी हाक मारली म्हणून अदबीनं, अख्ख्या अंगानं वळले. काहील कलंडली.

सहा जण पोहत, ओढत, एकमेकांना लाथा घालत वर आले. विलासरावांना सारजाक्कानंच केसांना धरून काढलं, तिच्या हाताला तेच लागले. तुझी आई काहिलीखाली गेली होती. दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्याला सापडली. कपाळ फुटलेलं होतं, लोखंडानं.

माती झाल्यावर सारजाक्का नदीवर गेली, मी मागे गेले, कारण मला वाटलं उडी घेते. तिनं उडी घेतली नाही. धुण्याच्या दगडावर उजवा हात ठेवला, डाव्या हातात धोंडा घेतला आणि त्या हातावर घातला. मी पोचेपर्यंत दुसरा घातला होता. तिची दोन बोटं वाकडी आहेत ना, तू लहानपणी विचारायचीस आणि ती सांगायची दोरात अडकली, ती अशी अडकली. तोंडातून आवाज नव्हता. मी हात धरला तर म्हणाली, ह्यो थांबला.

गड्यांनी काहील तळातून ओढून काढली, आणि आठव्या दिवशी सारजाक्का पुन्हा तिच्यात होती. वाडीला दुसरा रस्ता कुठे होता?

त्यानंतरची सात वर्षं तू तिच्याजवळ वाढलीस. विलासराव कधी वाडीत, कधी गायब. आले की पिऊन. ती त्यांना भाकरी द्यायची, त्यांच्याकडे न बघता, आणि काहिलीतून न्यायची वेळ आली की त्यांना एकट्यालाच न्यायची, दुसरं माणूस बरोबर घ्यायची नाही. मारलं त्यांना कधीच नाही. शिवीही दिली नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

मग पूर आला. तुझी चौथी. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं आणि पहाटेपर्यंत नदी वाडीच्या उंबऱ्यात. दोर तुटून गेलेला. दोर नसला की काहील न्यायची रीत निराळी असते. गडी माणसं काहील काठाकाठानं अर्धा मैल वर ओढत नेतात, तिथून धारेला लावायची, आणि ती खाली वाहत येता येता वल्ह्यानं तिला पलीकडे सरकवायचं. चुकली तर थेट बंधाऱ्यावर. सारजाक्कानं त्या दिवशी अशा अकरा फेऱ्या केल्या. दुपारी बारापर्यंत सगळी वाडी अलीकडच्या काठावर होती, म्हातारी, तान्ही पोरं, शेळ्यासुद्धा. तिच्या तळहाताची कातडी वल्ह्याला चिकटून निघाली होती. मी चिंध्या बांधत होते आणि चिंध्या लाल होत होत्या.

तेव्हा कुणीतरी बोट दाखवलं. पलीकडे अंगणवाडीच्या स्लॅबवर विलासराव उभे होते. रात्रीचे पिऊन कुठेतरी पडले असणार, पाणी अंगाला लागलं तसे वर चढले. पाणी स्लॅबला चार बोटं कमी.

काठावर कुणी म्हणालं अग्निशमनची बोट येईल. कुणी म्हणालं, आज पाणीच निकाल लावतंय, लावू द्या. हे लोक वाईट नव्हते, पिंके, त्यांनी तुझी आई बंधाऱ्यावरून उचलून आणली होती. सारजाक्काही बसून होती, मान खाली. मग तुला ते दिसले आणि तू ‘पप्पा’ म्हणून ओरडायला लागलीस. ती उठली. तुझ्याकडे आली, तुझी वेणी बघितली, सैल झाली होती ती ओढून घट्ट केली आणि म्हणाली, बाप हाय तुझा, आनते. काहील वर ओढायला तिनं गड्यांना हाक मारली नाही, नुसतं बघितलं. ते उठले.

ती गेली. स्लॅबला काहील टेकवली, विलासराव आत पडले. येताना मधल्या धारेत दोनदा काहील पूर्ण फिरली, आणि आम्ही विहारात म्हणतो ते सगळं माझं म्हणून झालं. पुरात नदी आवाज करत नाही गं, लोकांना वाटतं गर्जते, ती गप्प असते, म्हणून तुला ते ऐकू आलं. काठ दहा हातांवर आला. विलासरावांना काठ दिसला, तू दिसलीस. ते उठले.

मी तुझे डोळे झाकले ते या वेळी.

तिनं हाक मारली नाही. वल्हं आडवं आलं आणि त्यांच्या जबड्यावर बसलं. ते खाली गेले. काहिलीनं एका अंगाला पाणी घेतलं आणि ती सावरली. बस, काम झालं होतं. माणूस खाली होता, काहील सरळ होती, काठ हाताशी होता. ओढून घ्यायला गडी कमरेएवढ्या पाण्यात उतरलेही होते.

तेव्हा तिनं वल्हं पुन्हा उचललं. या वेळी ते थांबलं नाही.

जबडा दोन ठिकाणी मोडला होता. पुढचे दात गेले. काहिलीतलं पाणी लाल झालेलं मी पाहिलं, आणि त्या पाण्यात बसून ती वल्हं मांडीवर घेऊन काठाला लागायची वाट बघत होती. काठ लागल्यावर म्हणाली, उतरवा.

चौकीत तेच हवालदार होते, टोपी गेलेले. विलासरावांना बोलता येत नव्हतं, पाटीवर लिहून तक्रार दिली होती, सासूनं ठार मारायचा प्रयत्न केला म्हणून. काठावरचे सगळे म्हणाले आम्ही शेळ्या बांधत होतो, पाहिलं नाही. पाहिलं असं म्हणणारी मी एकटी. मला विचारलं, किती वेळा मारलं? मी म्हणाले, एकदा. उभे राहिले म्हणून. दुसरा आवाज लोखंडाच्या कडेचा होता.

सारजाक्का बाजूलाच बसली होती. ती म्हणाली, ‘दोन.’

हवालदारांनी लेखणी थांबवली. तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, ‘साक्षीदार एक म्हणतो. बाई, तुम्ही शाळेत गेलेल्या नाही, मोजणं आमच्यावर सोडा.’ आणि एक लिहिलं.

गुन्हा दाखल झाला नाही. पण विलासरावांनी तुला नेलं. जबडा तारेनं बांधलेला, तरी स्वतः आले, तुझा हात धरला. सारजाक्कानं तुला अडवलं नाही. तुझी पाटी-दप्तर भरून दिलं, वेणी घातली. तू म्हणालीस, आजी, दुखतंय. ती पहिल्यांदा सैल घालून थांबली. मग तुम्ही गेलात. पुढं मी ऐकलं की विलासरावांनी त्या दिवसानंतर दारूला हात लावला नाही, तुला शिकवलं, मऊ भात खाऊन राहिले पण तुला काही कमी पडू दिलं नाही. ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं. तिला सांगितलं, तर ती म्हणाली, बसला म्हनायचा.

मी मात्र त्या एका आकड्याचं ओझं वाहत आले. आमच्या घरी दीक्षा माझ्या वडलांनी घेतलेली, पंचशील मला तेव्हापासून पाठ. दर पौर्णिमेला विहारात सगळ्यांबरोबर म्हणते. खोटं बोलणार नाही, ही चौथी ओळ आली, ‘मुसावादा’ आला, की माझा आवाज आपोआप खाली जातो. शेजारच्या बाईनं एकदा विचारलं, कमलताई, तुमचं मधेच का बंद पडतं? मी म्हणाले, दम लागतो.

तुझा फोन आल्यावर गेल्या रविवारी मी वाडीत गेले. आता पूल झालाय, रिक्षा दारापर्यंत जाते. सारजाक्का आहे त्याच खोलीत आहे. पाठ वाकलीय, वल्हं काठीसारखं टेकत चालते. काहील दारात उपडी घातलेली, तिच्यावर मिरच्या वाळत होत्या. मी गेले तेव्हा ती मिरच्या बाजूला सारून दगडानं काहिलीवर ठोकत होती, कान लावून, रोजच्यासारखी. काहील पाण्याला लागून दहा वर्षं तरी झाली. मी म्हणाले, अक्का, आता कशाला? ती म्हणाली, आल्यागेल्याला बसायला लागती.

मी सांगितलं, पिंकीचा फोन होता. दगड थांबला. तू गाडीवर बसतेस तेव्हा नीट धरून बसतेस का, हे तिनं आधी विचारलं. मला माहीत नाही म्हटलं. मग तू काय विचारलंस ते सांगितलं, आणि म्हणाले, मी एकच सांगणार आहे, पोरगी त्यानं येईल तरी.

तिच्या वाकड्या बोटांत एक मिरची होती, ती देठापासून मोडत राहिली.

‘दोन सांग,’ ती म्हणाली. ‘पयला त्याला बसवायला. दुसरा शोभीच्या टायमाला ऱ्हायला होता, त्यो.’

मी म्हणाले, हे ऐकून ती येणार नाही. ती म्हणाली, न्हाई येऊ दे, पन खोट्यावर बसवून आनू नगंस. एवढं बोलून पुन्हा दगड घेतला. मी पुलावर येईपर्यंत मागून तो आवाज येत होता, घुमणारा, कुठे फुटका नाही.

तर पिंके, दोन. पहिल्यानं तुझा बाप वाचला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्यानं काय झालं ते तू त्यांचा भात कालवताना रोज पाहिलंस. दोन्ही एकाच हाताचे होते. मी पंधरा वर्षं अर्धं सांगत आले, आता पुरं सांगितलं, या पौर्णिमेला माझा आवाज खाली जाणार नाही.

आता तू ये. दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी ये, लवकर ये, तिची पाठ रोज थोडी खाली जातेय. पुलाच्या अलीकडे मी थांबते, दोघी मिळून जाऊ. तुला तिच्याशी भांडायचं असेल तर भांड, ती ऐकून घेईल, तिला उलट बोलता येत नाही. फक्त दारात उभी राहू नकोस. ती काहिलीवरच्या मिरच्या बाजूला सारेल, तेव्हा आधी बस.